निळा, हिरवा, पिवळा, विटकरी

आमच्या घरी सकाळचा पहिला दिवा देवापुढे लागला पाहिजे असा माँचा आग्रह असे. खरं सांगायचं तर त्याच्या आधी आणखी एक दिवा लागत असे. तो मागच्या ओसरीवर, गाईच्या गोठ्याला लागून, स्पिरिटचा. लावायचा मान माझा. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध घ्यायचं, त्यात बाबूजींच्या लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे, नळी चिमट्यात धरून उकळायची आणि रंग बघायचा. निळा तसाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर बरीच, आणि भाजलेल्या विटेसारखा झाला तर त्या दिवशी घरात कुणी कुणाशी धड बोलत नसे. माझ्या वयाच्या मुली तेव्हा रांगोळीत रंग भरायला शिकत होत्या. मीही रंगच शिकत होते, फक्त ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

बाबूजींची जुन्या जालन्यात धान्याची आडत होती. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचे पूर्वज राजस्थानातून कधी आले हे आमच्यातल्या कुणालाच धड सांगता येत नसे. घरात आम्ही मारवाडी, मराठी आणि हैदराबादी उर्दू यांची खिचडी बोलत असू. इथे मात्र मी बहुतेकांना जालन्याच्या मराठीतच बोलायला लावणार आहे. गेलेली माणसं तक्रार करायला येत नाहीत. बाबूजी गादीवर बसायला लागले की आधी त्यांचं पोट बसे आणि मग बाबूजी बसत. त्या पोटाचा त्यांना अभिमान होता. बारीक आडत्यावर शेतकऱ्याचा भरवसा बसत नाही, असं ते म्हणत. माझे दोघे भाऊ माँवर गेलेले, काटकुळे. अंगानं बाबूजींवर गेलेली मी एकटी, म्हणून लाडकीही मीच. आल्यागेल्या बायका माझे गाल ओढून "घरची लक्ष्मी हो!" म्हणत, आणि मी त्या शब्दाला जागून आणखी एक पुरी घेत असे.

आजार शोधला तो कौसाबाईनं. ती वाटूरची. तिचा नवरा बाबूजींच्या दुकानात पोती उचलायचा आणि ती आमच्याकडे भांडी-धुणं करायची. एक दिवस ती पदराला हात पुसत माँसमोर येऊन उभी राहिली.

"मालकीणबाई, मोरीत मुंग्या लई झाल्यात. म्या राख टाकली, फिनेल टाकलं, तरी येऊनच राह्यल्या. सेठजी जाऊन आले की पाच मिनिटांत रांग लागती. गुळाचा खडा पडल्यावानी."

"काहीतरीच काय बोलतेस, कौसा?"

"खोटं कशाला बोलू? आमच्या वाटूरच्या पाटलाचं असंच झाल्तं. दोन सालात गेला माणूस."

माँनं तिला झापलं, पण त्याच दुपारी माणूस धाडून डॉक्टरांना बोलावलं. बाबूजी तेव्हा दिवसाकाठी माठभर पाणी पीत आणि उन्हाळा आहे म्हणत. तो श्रावण होता.

डॉक्टर हैदराबादेत शिकलेले, उंच, शेरवानी घालणारे. त्यांनी दवाखान्यात तपासणी केली आणि दुसऱ्या दिवशी येऊन बाबूजींसमोर बसले. "सेठजी, आपको शक्कर की बीमारी है. मिठाई बिलकुल बंद. चावल बंद. दोन वेळेला ज्वारीची भाकरी, मेथी, दाल. रोज सुई, आणि रोज दो मील पैदल."

बाबूजींना सुईचं काही वाटलं नाही. ते अडकले ज्वारीपाशी. "डॉक्टरसाब," ते म्हणाले, "ज्वारी मी विकतो."

"हां, तो अब खाइए भी."

कंपाउंडर रोज सकाळी येऊन सुई टोचून जाऊ लागला, आणि नळीचं काम माझ्याकडे आलं. भावांना किळस यायची. माँच्या सोवळ्यात ते बसत नव्हतं. मी सातवी पास होते, आणि डॉक्टरांनी "बेटी होशियार आहे" एवढं म्हटलं होतं. तेवढ्यावर मी नळी धुवायला तयार झाले. भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज रंगाचं पहिलं अक्षर लिहायचं आणि आठवड्याला ते पान डॉक्टरांना दाखवायचं.

भाकरीचा प्रश्न त्याहून अवघड होता. माँला भाकरी थापता येत नसे. तिच्या हातची भाकरी मध्ये जाड आणि कडेला चिरलेली. शेवटी मागच्या ओसरीवर वेगळी चूल मांडली गेली आणि कौसाबाई तिथे बाबूजींसाठी भाकरी करू लागली. आम्ही बाहेरच्या हातचं शिजवलेलं खात नसू, पण दुखणं मोठं म्हणून माँनं डोळेझाक केली. कौसाबाईच्या भाकरीचा आवाज मला अजून ऐकू येतो. थप थप थप, मग पाण्याचा हात फिरल्याची चर्र, आणि निखाऱ्यावर भाकरी टम्म फुगली की तिचं ते स्वतःशीच "हां" म्हणणं. ती भाकरी आम्ही औषध म्हणून खाऊ घालत होतो. तिच्या घरी तीच जेवण होती, आणि ती सुद्धा दोन्ही वेळेला असेच असं नाही. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली. आता माझी सून त्याच ज्वारीचं पीठ चकचकीत पाकिटातून आणते आणि गव्हापेक्षा जास्त पैसे मोजते. कौसाबाई असती तर पदर तोंडाला लावून हसली असती.

आणि लाज किती! आडत्याच्या ताटात ज्वारी दिसली तर बाजारात काय बोलतील? जेवताना कुणी पाहुणा आला की बाबूजींचं भाकरीचं ताट झटकन माझ्यापुढे यायचं आणि माझं पुऱ्यांचं त्यांच्यापुढे जायचं. पाहुणा म्हणायचा, "सेठजी, पोरीला ज्वारी?" बाबूजी सांगायचे, "तिलाच आवडते हो, ऐकत न्हाई." पाहुणा जाईपर्यंत बाबूजी चार पुऱ्या खाऊन मोकळे होत. पुढे पुढे मला संशय यायला लागला की पाहुण्यांना जेवायच्या वेळेला तेच बोलावतात.

इमरतीचं मात्र मी दुसऱ्या कुणावर ढकलू शकत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दोन मैल आम्ही बापलेक रोज संध्याकाळी इमानदारीनं चालत असू. एक मैलावर हलवाई होता. त्याच्या कढईतून इमरती, म्हणजे उडदाची पाकातली जिलबी, निघाली की तिचा वास रस्त्याच्या पलीकडे येई, आणि बाबूजींची चाल आपोआप मंद होई. पहिले चार दिवस ते नुसते थांबले. पाचव्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाले, "कमल, तुला भूक लागली असंल."

"नाही, बाबूजी."

"लागली असंल. चालून चालून लागतीच." आणि चार इमरत्या घेतल्या. "दोन तुला, दोन मला. बराबर?"

"बराबर," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी नळी विटकरी झाली. मी कॅलेंडरावर "हि" लिहिलं. बाबूजींनी ते अक्षर पाहिलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हातानं मला इतकं बरं वाटलं की पुढचे कित्येक "वि" मी "हि" आणि "पि" लिहीत गेले. बापावर माझा जीव होता हे खरं. इमरतीवरही होता, हेही तितकंच खरं, आणि त्या वयात मला दोन्हींतला फरक कळत नव्हता.

मी सोळाची झाले आणि परतूरहून स्थळ आलं. तिथल्या कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. घर तोलामोलाचं, मुलगा दिसायला बरा, आणि मी फोटो बघून मनातल्या मनात तीन साड्यांचे रंग ठरवूनही टाकले. पण आमच्या समाजात एक गोष्ट पक्की होती: मुलीच्या बापाला आजार आहे असं कळलं तर सोयरीक मोडते. आज बापाला, उद्या मुलीला, परवा नातवाला. लोक तेव्हा अडाणी होते असं आपण म्हणतो, पण ही भीती अगदीच अडाणीपणाची नव्हती, हे आज रोज सकाळी बोट टोचून घेताना मला पटतं. ते असो. सगाईसाठी, म्हणजे साखरपुड्याला, मुलाकडचे वीस जण जालन्याला येणार होते, आणि आमच्याकडे सगाईचं जेवण म्हणजे मनुहार. मनुहार म्हणजे आग्रह, पण साधा नव्हे. समधी समधीला, म्हणजे व्याही व्याह्याला, स्वतःच्या हातानं घास भरवतो. तोंड फिरवणं म्हणजे नातं नाकारणं.

बाबूजींनी डॉक्टरांना विचारलं, एक दिवस गोड चालेल का. डॉक्टर म्हणाले, "कल पेशाब की शीशी भेजिए. मी स्वतः बघतो. साफ असेल तर एखादा घास घ्या."

सकाळी बाबूजी मागच्या ओसरीवर आले. हातात रिकामी बाटली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"कमल, माझी साफ येणार न्हाई. तुला ठाऊक हाय."

"हो."

"तुझी येईल."

कॅलेंडरावर खोटी अक्षरं लिहिणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं मला कळलं. कळूनही मी मोरीत गेले. साड्यांचे रंग डोळ्यांपुढे होते.

दुपारी डॉक्टरांचा निरोप आला: एकदम निळा. माझ्या उभ्या आयुष्यात मी पहिल्या नंबरानं पास झालेली ही एकच परीक्षा, आणि ती बापाच्या नावावर. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी सुईचा डोस जवळजवळ निम्म्यावर आणला. साखर नसताना तेवढी सुई दिली तर चक्कर येईल, असं त्यांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. ती चिठ्ठी मीच वाचून दाखवली. बाबूजी म्हणाले, "बघ, आजार उतरून राह्यला," आणि त्या क्षणी त्यांना ते खरंच वाटत होतं असं मला अजूनही वाटतं.

सगाईच्या दिवशी बाबूजींनी नवी मोजडी घातली. पायाला घट्ट होती, पण सकाळपासून पंगती उठेपर्यंत ते त्याच जोडीत अंगणभर फिरत होते. परतूरचे समधी उंच, गोरे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. चैत्राच्या उन्हातही त्यांच्या पायात मोजे होते आणि जेवायला बसतानाही त्यांनी ते काढले नाहीत. मला ते फार रुबाबदार वाटलं. दाल-बाटी झाली, चुरमा झाला, मग तुपात तळलेल्या, पाकात मुरलेल्या घेवराची थाळी आली आणि मनुहार सुरू झाली.

"समधीजी, माझ्या हातचा एक."

"मग माझ्याही हातचा घ्यावा लागंल."

"घेतो की. बराबरीचं नातं हाय."

दोघे एकमेकांना भरवत होते आणि दोन्हीकडचे लोक वाहवा करत होते. मी पडद्याआड घूंघट घेऊन बसले होते आणि मोजत होते. चौथ्या घासाला बाबूजींनी पडद्याकडे पाहिलं. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. ते मदत मागत होते की मला सांगत होते, काही नाही गं, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही. कौसाबाई माझ्यामागे ताटं घेऊन उभी होती. ती खाली वाकली.

"कमलबाई, सेठजींना कुणीतरी आवरा ना. तुम्ही नुसत्या मोजूनच राह्यल्या काय?"

"काल निळा आला होता, कौसाबाई," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती शिकलेली नव्हती, पण मुंग्या तिनंच पाहिल्या होत्या. ती ताटं घेऊन गेली. मी पदराखाली तोंड घातलं आणि माझ्या पानातला घेवर खाल्ला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण घेवर चांगला होता.

आठ दिवसांनी कौसाबाई ती मोजडी पुसायला बसली आणि ओरडत आत आली. "मालकीणबाई, जोड्यात रक्त हाय. वास येऊन राह्यला." बाबूजींचा पाय पाहिला तर डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. मोजडी चावली होती आणि त्यांना कळलंच नव्हतं. त्या आजारात पाय बधिर होतात, हेही आम्हाला तेव्हा कळलं. अंगात ताप होता. डॉक्टरांनी तिथेच, बाबूजींच्या खाटेशेजारी, स्पिरिटचा दिवा लावायला सांगितला. मी आठ थेंब टाकले. नळी उकळायच्या आधीच विटकरी झाली की काय असं मला वाटलं.

डॉक्टरांनी वाकून नळी पाहिली. "आठ-दहा दिवसांपूर्वी एकदम साफ. यह कैसे?"

"शिशी बदलली असंल तुमच्याकडं," बाबूजी खाटेवरून म्हणाले. "लेबलं चुकत असतील."

ते मला वाचवत होते. पायाची बोटं काळी पडलेली, तापानं ओठ सुकलेले, आणि तरी. माझ्यानं ते सहन झालं नाही.

"लेबल बरोबर होतं," मी म्हटलं. "बाटली माझी होती."

माँनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं डॉक्टर रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नळी माझ्या हातून काढून घेतली. "बेटी, त्या बाटलीवरून मला एवढंच समजलं, की तू अच्छी-भली आहेस," ते म्हणाले. "आणि मी तुझ्या तब्येतीवर तुझ्या बापाची सुई कमी केली."

बाबूजींना औरंगाबादला नेलं. पाय वाचेल की गुडघ्यापर्यंत जाईल, हे पंधरा दिवस कुणी सांगायला तयार नव्हतं. त्या पंधरा दिवसांत मी गोड खाल्लं नाही. माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ, म्हणून नमूद करते. अखेर पाय वाचला, दोन बोटं गेली. बातमी परतूरपर्यंत गेली होतीच. आम्ही घरी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी समधी एकटेच आले. सोयरीक मोडायला आले असं धरून माँ आत जाऊन रडायला लागली. मी दाराआड उभी होते.

समधी खाटेजवळ खुर्चीवर बसले. बाबूजींच्या पट्टीकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी आपला उजवा मोजा काढला. पायाला तीनच बोटं होती.

बाबूजी उठून बसले. "कधी?"

"चार साल झाले. तुम्ही सांगितलं असतं तर मी भरवलं असतं काय, समधीजी?"

"आणि तुम्ही सांगितलं असतं तर?"

दोघं एकमेकांच्या पायाकडे बघत बसले. मग बाबूजींना हसू फुटलं. समधीही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आठ घास घातले तुम्ही मला," समधी म्हणाले. "मोजले म्या."

"नऊ," बाबूजी म्हणाले. "नववा मोठा होता."

त्या दिवशी कौसाबाईनं दोघांसाठी भाकऱ्या केल्या. पाहुण्यासाठी ताट बदललं नाही. समधींनी स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, मेथीत बुडवला आणि बाबूजींच्या तोंडापुढे धरला. बाबूजींनी तोंड फिरवलं नाही.

माझं लग्न झालं. बाबूजी त्यानंतर बरीच वर्षं जगले, दुपारच्या पंगतीत उघडपणे ज्वारी खात, आणि पोट पार आत गेल्यावरही शेतकरी त्यांच्यावरच भरवसा ठेवत. बाबूजींकडून मला जे मिळणार होतं ते चाळिशीत मिळालं. माझ्या डॉक्टरांनी घरात कुणाला आहे का असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, कुणाला नाही ते विचारा, लवकर होईल. मी माझ्या मुलांना ज्वारी खा, चाला, असं सांगत राहते आणि सून गुळाचा डबा कुठे लपवते तेही बघत राहते. आता रंग नाहीत, यंत्रावर नुसते आकडे येतात. पण वर्षातून एकदा मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी अजून बाटली द्यावी लागते. परवा तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, माझ्या हातात दिली आणि सवयीनं विचारलं, "आजी, नाव बरोबर आहे ना? सँपल तुमचंच देणार ना?"

रांगेत माझ्यामागे सहाजण उभे होते आणि माझे डोळे भरून आले होते. ती बिचारी घाबरली.

"हो गं बाई," मी म्हटलं. "ह्या वेळेस माझंच."